एक घर, दहा मते

निवडणुकीचे दिवस जवळ आले की मोठ्या घरांच्या ओसरीवर, आणि आता ओसऱ्या गेल्या असल्याने दिवाणखान्यात, एक संवाद हमखास ऐकू येतो. उमेदवार चार माणसे बरोबर घेऊन येतो, घरातील सर्वांत वडील पुरुषास वाकून नमस्कार करतो आणि "आपल्या घरची मते किती?" असे अदबीने विचारतो. "दहा," असे उत्तर मिळते. आणि वडिलांची मर्जी असली तर "दहाही आपलीच समजा" असे आश्वासन लगोलग दिले जाते. त्या वेळी बाकीचे नऊ मतदार कोठे असतात? आजी देवघरात असतात, सुना स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवीत असतात, मुलगे कचेरीत व नातवंडे कॉलेजात असतात. त्यांच्या मतांचा निकाल दिवाणखान्यात लागून गेला, हे त्यांस चहाचा ट्रे आत परत आल्यावर कळते.

हे आश्वासन देणारे गृहस्थ वाईट नसतात. पुष्कळदा ते घरातील सर्वांत विचारी, वृत्तपत्र वाचणारे, कोणाच्या पाच पैशांस न शिवणारे असे असतात, आणि आपले घर एकमुखी आहे ह्याचा त्यांस अभिमान असतो. तथापि लोकशाहीचा विचार करू लागलो म्हणजे हे निरुपद्रवी दिसणारे वाक्य आम्हांस खटकते. लोकशाहीत घराला मत नाही. मत आहे ते माणसाला. दहा माणसांच्या घरात एक मत दहा वेळा नोंदले गेले, तर त्या घरापुरती लोकशाही झाली असे म्हणता येणार नाही. ह्या एकाच गोष्टीचा ऊहापोह आज करावयाचा आहे.

मत म्हणजे काय?

'मत' हा शब्द संस्कृतातील 'मन्' ह्या धातूपासून आलेला आहे. मनन केले, विचार करून ठरविले, ते मत. मन, मति, मनन आणि मत ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. ह्याचा सरळ अर्थ असा की, ज्याने मनन केले नाही त्याने मतदान यंत्रावरील बटण दाबले असेल, परंतु मत दिले असे म्हणवत नाही. एकाच्या जेवणाने दुसऱ्याचे पोट भरत नाही, त्याचप्रमाणे एकाच्या मननाने दुसऱ्याचे मत तयार होत नाही.

'मतदान' ह्या शब्दातील दुसरे पद 'दान' हे आहे. दानाचा पहिला नियम आपल्या शास्त्रकारांनी असा सांगितला की, ज्यावर आपले स्वामित्व आहे त्याचेच दान करता येते. मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे न्यायालयात येणाऱ्या तंट्यांची, जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत 'अस्वामिविक्रय' हे एक आहे. आपण मालक नसताना दुसऱ्याची वस्तू परस्पर विकणे, हा तो अपराध. घरातील नऊ मते त्यांच्या धन्यांस न विचारता देऊन टाकण्यात पैशाची देवघेव नसेल, म्हणून त्यास विक्रय म्हणू नये हे खरे. परंतु त्यातील 'अस्वामि' हा भाग मात्र शिल्लक उरतोच. कर्त्या पुरुषाकडे घराची मिळकत सांभाळण्याचा अधिकार परंपरेने आला, मंगलकार्ये ठरविण्याचा मान आला; पण मत ही समाईक मिळकत नव्हे. तिचे वाटप राज्यघटनेनेच करून टाकलेले आहे.

मिळकतीकडून माणसाकडे

हे वाटप सहजासहजी झाले नाही. ब्रिटिश अमदानीत मताचा हक्क माणसास नव्हे, तर त्याच्या सातबाऱ्यास, घरपट्टीस किंवा आयकरास होता, असे म्हटले तरी चालेल. स्त्रियांस तर केवळ स्त्री म्हणूनच वगळलेले होते. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १९२१ साली ठराव करून स्त्रीत्वाची ही आडकाठी काढली. तरी मिळकतीची अट कायम राहिल्याने प्रत्यक्षात मतदार झालेल्या स्त्रिया थोड्याच होत्या. १९३५ च्या कायद्याने ही संख्या वाढविली, पण ती कशी? ज्या स्त्रीचा पती पुरेशा मिळकतीचा धनी असेल तीस पत्नी म्हणून, किंवा तसा पती निवर्तला असेल तर विधवा म्हणून मत मिळाले. आणि काही जणींस स्वतःच्या साक्षरतेमुळे मिळाले. म्हणजे बहुतेकींचे मत त्या काळी कायद्यानेच नवऱ्याच्या मिळकतीची सावली होते. अशा अटींवर १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांच्या वेळी सर्व प्रांत मिळून सुमारे ३ कोटी मतदार होते.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना पूर्णपणे अमलात आली आणि तिच्या ३२६ व्या कलमाने हा सारा हिशेब पुसून टाकला. शिक्षण, मिळकत, जात, धर्म, लिंग ह्यांपैकी कशाचीही अट न ठेवता एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मत दिले गेले. पुढे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ही वयोमर्यादा अठरावर आली. पुष्कळ पाश्चात्त्य राष्ट्रांस सर्व प्रौढांपर्यंत मताधिकार पोहोचविण्यास पिढ्यानपिढ्या लागल्या. आपल्याकडे तो एका दिवशी मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत केलेल्या भाषणात ह्यातील धोका स्पष्ट सांगितला होता. राजकारणात आपण प्रत्येक माणसाच्या मताचे मोल सारखे मानणार, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात ते तसे मानणार नाही. हा विसंगतीचा संसार फार काळ चालला तर लोकशाहीच संकटात येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो इशारा ऐकताना आपण बहुधा गावाचा, जातींचा, गरीब-श्रीमंतांचा विचार करतो. आपल्या उंबरठ्याच्या आतही तीच विसंगती नांदत असते, इकडे लक्ष जात नाही.

नावाची गोष्ट

मत माणसाला मिळाल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो माणूस यादीत आणण्याचा. हे काम घटना पुरी होण्याची वाट न पाहता १९४७ च्या अखेरीसच सुरू झाले होते. पुढे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त श्री. सुकुमार सेन ह्यांनी १९५० साली सूत्रे हाती घेतली आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची, म्हणजे २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ ह्या काळात झालेल्या निवडणुकीची, तयारी पुरी केली. सुमारे १७ कोटी ३२ लक्ष नावे यादीत आली.

ह्या यादीच्या कामात एक विलक्षण अडचण उपस्थित झाली. मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातील अनेक प्रांतांत घरोघर जाणाऱ्या कारकुनांस लाखो स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. परक्या पुरुषासमोर नाव उच्चारणे त्यांच्या रिवाजात बसत नव्हते. मग कारकुनांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा नोंदी केल्या. सेन ह्यांनी अशा नोंदी मान्य करण्याचे नाकारले. नाव सांगण्यास मुदत वाढवून दिली, प्रचार केला. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे शेवटी यादीतून गळली. एवढ्या स्त्रियांस पहिल्या निवडणुकीत मतास मुकावे लागले हे दुःखद होते. पण त्या कठोरपणामागे एक तत्त्व होते. मतदार ही कोणाची तरी कोणी नव्हे. ती स्वतः, स्वतःच्या नावाने, ह्या राष्ट्राची घटक आहे.

आपण महाराष्ट्रीय मंडळींनी ह्यावर हसू नये. पतीचे नाव उखाण्यात गुंफल्यावाचून न घेण्याची चाल आपल्याच घरातील. आणि लग्नाच्या दिवशी तांदळात नवे नाव लिहून मुलीचे मूळचे नाव पुसण्याची चालही आपलीच. ह्या दुसऱ्या चालीचा मतदारयादीशी फार निकटचा संबंध आहे. शाळेच्या दाखल्यावर 'कुसुम', लग्नानंतर 'माधवी', बँकेत एक आडनाव आणि आधारपत्रावर दुसरे, अशी अवस्था कित्येक घरांत दिसते. माहेरच्या गावी यादीत नाव तसेच राहिलेले, सासरच्या गावी ते चढविलेले नाही, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरून सूनबाई परत आल्या, असा प्रसंग घडला म्हणजे मंडळी सरकारी कारभारास दोष देतात. दोष कधी तिकडचा असतोही. परंतु लग्नाच्या याद्या तीन महिने आधीपासून करणाऱ्या घरात ह्या एका यादीची आठवण कोणासच झालेली नसते, हेही तितकेच खरे.

पडद्याआडचे स्वातंत्र्य

नाव यादीत आले. आता मत देण्याची घटका. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातील शंभरांपैकी ऐंशींहून अधिक माणसांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे, आणि मतदाराने पडद्याआड जाऊन आपला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाचा असे. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. १९८२ साली केरळात प्रथम यंत्राचा प्रयोग झाला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत यंत्रे आली, आणि २०१९ पासून दाबलेल्या बटणाचे चिन्ह क्षणभर दाखविणारी चिठ्ठीही सर्वत्र त्याच्या जोडीला आली. साधने बदलत गेली. एक गोष्ट मात्र बदलली नाही, ती म्हणजे तो आडोसा.

ह्या आडोशाचे मोल काय, हे आम्ही शिक्षकी पेशात असताना वर्गात पुष्कळदा पाहिले आहे. वर्गनायकाची निवड हात वर करून घेतली की मुले प्रथम शेवटच्या बाकावरील दांडग्या मुलाकडे पाहात आणि मग हात वर करीत. तीच निवड दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या टाकून घेतली तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक अबोल, सर्वांना गणित समजावून देणारा मुलगा निवडून आला. मुले तीच, वर्ग तोच. मधे फक्त घडी घातलेला कागद आला होता.

हे शहाणपण आपल्या भूमीस नवे नाही. बौद्ध भिक्षूंच्या संघात वाद पडला असता शलाका, म्हणजे रंगीत काड्या, वाटून मत घेण्याची रीत विनयपिटकातील चुल्लवग्गात सांगितलेली आहे. ते मत गुप्तपणे, कानात सांगून, अथवा उघडपणे अशा तिन्ही रीतींनी घेता येई, आणि शलाका वाटणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह व भय ह्यांपासून मुक्त असावा अशी अट होती. तो संघ म्हणजे आजची लोकशाही नव्हे. तरी भीड व भय ह्यांचा मतावर परिणाम होतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

आजचा कायदा ह्या बाबतीत अतिशय निःसंदिग्ध आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९४ वे कलम असे सांगते की, निवडणुकीत आपण कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती साक्षीदारावर अथवा अन्य कोणत्याही व्यक्तीवर करता येणार नाही. न्यायालयात शपथेवर उभ्या असलेल्या माणसास जे विचारता येत नाही, ते जेवणाच्या पाटावर बसलेल्या सुनेस विचारण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? दृष्टी अधू झालेल्या किंवा हात चालत नसलेल्या मतदाराबरोबर आत जाण्यास एका प्रौढ सोबत्यास परवानगी मिळते; पण त्यालाही आपण हे मत गुप्त राखू असे लिहून द्यावे लागते, आणि एका दिवशी एकाहून अधिक मतदारांचा सोबती होता येत नाही. आजीचा हात धरून गेलेल्या नातवाने घरी येऊन "आजीने कोणाला दिले ते सांगू का?" अशी गंमत करणे म्हणजे लेखी वचनाचा भंग होय, हे नातवास समजावून देणे वडिलांचे कर्तव्य आहे.

काही शंका

ह्यावर चार शंका निघतात. त्यांचा थोडक्यात विचार करू.

पहिली शंका एकोप्याची. घरात भाऊ एका पक्षाचा, भावजय दुसऱ्या पक्षाची, असे झाले तर चूल वेगळी होण्यास वेळ लागणार नाही, असे कित्येकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. एका पंक्तीस बसणाऱ्यांपैकी एकास आंबट आमटी आवडते, दुसऱ्यास गोडी. म्हणून पंक्ती उठत नाहीत. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपण इतर सर्व बाबतींत मान्य करतोच. घर फुटते ते मतभेदाने नव्हे, तर मतभेद बोलून दाखविण्याची मुभा नसल्याने आत साचलेल्या गोष्टींनी. जेथे सून सासऱ्यांस "मामंजी, मला ह्या बाबतीत वेगळे वाटते" असे भीड न बाळगता म्हणू शकते आणि सासरे "बरे, का ते सांग पाहू" असे विचारतात, त्या घराचा वासा अधिक बळकट असतो.

दुसरी शंका अशी की, घरातील बायकामुलांस राजकारणाची माहिती नसते. नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, गॅसची टाकी कितीला झाली, डाळ कितीने चढली, मुलाच्या शाळेने शुल्क किती वाढविले, सरकारी दवाखान्यात औषध मिळते की बाहेरून आणावे लागते, ह्या प्रश्नांची उत्तरे घरात कोणास तोंडपाठ असतात? राज्यकारभाराची परीक्षा स्वयंपाकघरात रोज होत असते. तिचे गुण देण्याचा अधिकार मात्र वृत्तपत्र वाचणाऱ्यानेच आपल्याकडे ठेवावा, हा न्याय नव्हे. शिवाय २०१९ व २०२४ ह्या दोन्ही लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांहून किंचित् अधिकच भरले. स्त्रिया केंद्रापर्यंत पोहोचल्या आहेत. प्रश्न एवढाच की, त्या स्वतःचे मत घेऊन पोहोचतात की दुसऱ्याचे.

तिसरी शंका, एका मताने काय होणार? २००४ साली कर्नाटकातील संतेमरहळ्ळी येथे आणि २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा येथे विधानसभेचा निकाल अवघ्या एका मताने लागला. आपल्याकडे २०१७ च्या मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांस सारखीच मते पडली आणि चिठ्ठी काढून नगरसेवक ठरवावा लागला. २०२४ साली वायव्य मुंबईतून लोकसभेवर गेलेल्या उमेदवाराचे मताधिक्य ४८ होते. दोन-चार एकत्र कुटुंबे त्या दिवशी सहलीस गेली असती किंवा सहलीहून परतली असती, तर काय झाले असते, ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

चौथी शंका सुशिक्षितांची आवडती आहे: राजकारण हा चिखल आहे, आपण त्यापासून दूर असलेले बरे. ह्या वृत्तीचे फळ आकड्यांत दिसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे मतदारसंघात शंभरांपैकी चोपन्न मतदारही केंद्रावर गेले नाहीत. आणि गडचिरोली-चिमूर ह्या अरण्यमय, दळणवळणास कठीण अशा मतदारसंघात सुमारे बाहत्तर जण गेले. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या नगराने ह्या आकड्यांकडे एकदा शांतपणे पाहावे. उमेदवार पसंत नसल्यास तसे सांगण्याची सोयही २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' ह्या बटणाने झालेली आहे.

आडवी बाटली

घरातील प्रत्येक मत स्वतंत्र असले तर काय घडू शकते, ह्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातील खेड्यांनी घालून दिले आहे. गावातील दारूचे दुकान बंद करावयाचे असल्यास शासनाच्या २००८ च्या आदेशाने एक मार्ग खुला केला. गावातील एक चतुर्थांश मतदारांनी, अथवा एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी, सह्यांनिशी मागणी करावयाची; सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. गावातील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली की दुकानास टाळे.

ह्या नियमात 'एकूण' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. समजा, गावाच्या यादीत ८०० स्त्रिया आहेत. बाटली आडवी होण्यास ४०१ मते हवीत. मतदानास ६०० जणी आल्या, त्यांतील ३९० जणींनी आडव्या बाटलीस मत दिले आणि २१० जणींनी उभ्या बाटलीस दिले, तरी दुकान उघडेच राहते! ज्या २०० जणी घरी बसल्या त्यांनी न बोलता उभ्या बाटलीस मत दिले असाच त्याचा परिणाम होतो. घरी बसणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे, हा लोकशाहीतील एक मोठा धडा ह्या छोट्या उदाहरणात आहे.

आणि दुसरा धडा त्याहून मोठा. दारूच्या पायी ज्या घराचा सत्यानाश चाललेला असतो त्या घराचे 'मत' कर्त्या पुरुषानेच ठरवावयाचे असते, तर बाटली कधी तरी आडवी झाली असती काय? त्या बाईने पडद्याआड जाऊन, नवऱ्यास न विचारता व न सांगता, जे चित्र निवडले त्यातच त्या घराचे कल्याण होते. आमच्या सुशिक्षित घरांत दारूचा प्रश्न नसेल, असे क्षणभर गृहीत धरू. तथापि कर्त्या पुरुषास न दिसणारे आणि घरातील इतरांस रोज बोचणारे असे एखादे शल्य कोणत्या घरात नसते?

मत दिल्यानंतर

पाच वर्षांतून एकदा बोटास शाई लावून घेतली की नागरिकाचे काम संपले, अशी समजूत असेल तर तीही सोडली पाहिजे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले. गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. तेथे तो प्रतिनिधीमार्फत नव्हे, तर स्वतः बोलतो. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असा नियम आहे, तो ह्याचसाठी की, पुरुषांच्या गर्दीत न उमटणारा आवाज आधी मोकळा व्हावा. शहरातील मंडळींसही वाटा आहेत. पुणे महानगरपालिका २००६ पासून आपल्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहान कामांच्या सूचना मागविते. पदपथ, दिवे, बसथांबे, बाके ह्यांविषयीचा एक साधा अर्ज भरावयाचा असतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांचे शुल्क भरून कोणत्याही सरकारी कार्यालयास प्रश्न विचारता येतो, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळणे हा आपला हक्क असतो. आपल्या गल्लीतील रस्ता किती रुपयांत झाला आणि तो किती वर्षे टिकावयास हवा होता, एवढे विचारण्यास आंदोलन लागत नाही. एक पोस्टकार्डाएवढा मजकूर पुरतो.

घरात करण्यासारखे

उपदेश पुष्कळ झाला. आता प्रत्यक्ष करावयाच्या चार गोष्टी सांगून लेख पुरा करतो.

वर्षातून एकदा, गुढीपाडव्यास म्हणा की दिवाळीनंतर, घरातील सर्वांची नावे मतदारयादीत तपासावी. यादी मोबाइलवर पाहता येते. नवे नाव घालण्यास नमुना ६, दिवंगत व्यक्तीचे नाव कमी करण्यास नमुना ७ आणि पत्ता किंवा नाव दुरुस्त करण्यास नमुना ८, एवढे तीन अर्ज ध्यानात ठेवले म्हणजे झाले. हे अर्ज मोबाइलवरून अथवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, ज्यास सर्वजण 'बीएलओ' म्हणतात, देता येतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास पूर्वी १ जानेवारीची वाट पाहावी लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार दिवस धरले जातात, आणि सतरावे सरलेल्या मुलास आगाऊ अर्जही करता येतो. वडील निवर्तल्यावर तेरा दिवसांचे सर्व विधी यथासांग करणाऱ्या घराने त्यांचे नाव यादीतून कमी करण्याचाही एक विधी त्यात धरावा; मृताचे नाव यादीत राहणे म्हणजे तोतयास आमंत्रण होय.

दुसरी गोष्ट, उमेदवारांची शपथपत्रे सर्वांनी मिळून वाचावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निकालांपासून प्रत्येक उमेदवारास आपले शिक्षण, मालमत्ता, कर्ज व आपल्यावर चालू असलेले फौजदारी खटले शपथेवर जाहीर करावे लागतात, आणि ते सर्वांस पाहता येतात. मुलीस स्थळ पाहताना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण; पाच वर्षांसाठी राज्य ज्याच्या हाती द्यावयाचे त्याची दोन पाने वाचण्यास अर्धा तास काढणे अवघड नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या शंभर निरोपांपेक्षा ही दोन पाने अधिक मोलाची आहेत.

तिसरी गोष्ट, रात्रीच्या जेवणानंतर चर्चा अवश्य करावी. परंतु बोलण्याचा क्रम उलटा ठेवावा. लष्करी न्यायालयांत सर्वांत कनिष्ठ सदस्याचे मत आधी घेण्याची पद्धत आहे, कारण वरिष्ठ आधी बोलला की कनिष्ठाच्या तोंडून त्याचाच प्रतिध्वनी निघतो. घरातही नातीने आधी बोलावे, मग सुनांनी व मुलांनी, मग आजींनी, आणि आजोबांनी सर्वांत शेवटी. आजोबांचा अनुभव ह्याने वाया जात नाही. उलट सर्वांचे ऐकून घेऊन बोललेला शब्द अधिक वजनदार ठरतो.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. मतदान करून आल्यावर कोणी कोणास "कोणाला दिलेस?" असे विचारू नये. ज्यास आपण होऊन सांगावयाचे असेल त्याने सांगावे. न सांगणाऱ्याच्या मौनाचा मान राखावा.

लोकशाही दिल्लीत आणि मुंबईत चालते असे आपण म्हणतो, परंतु ती शिकली जाते ती घरात. ज्या मुलाने आईचे म्हणणे घरात कोणी तरी ऐकून घेतलेले पाहिले, ज्या मुलीस "तुला काय वाटते?" हा प्रश्न बालपणापासून ऐकू आला, ती मुले उद्या सभेत दुसऱ्याचे बोलणे मधेच तोडणार नाहीत, आणि आपले मत कोणाच्या दावणीसही बांधणार नाहीत. ह्यापुढे उमेदवाराने घरातील मतांची संख्या विचारली तर वडीलधाऱ्यांनी प्रसन्न मुद्रेने एवढेच म्हणावे, "दहा आहेत, आणि दहांसही आपण स्वतंत्र भेटावे. माझे एक मत माझ्याजवळ आहे, बाकीच्यांचे त्यांच्यापाशी." असे उत्तर देणाऱ्या गृहस्थाचा मान घरात रतिभरही कमी होणार नाही, उलट तो वाढेल, अशी आमची खात्री आहे.